न्हाणीमागचा सोनटक्का

आमच्या घराभोवती माती अशी नाहीच, नुसता कातळ. त्यावर माझ्या आईनं सोनटक्का वाढवला, हे पाहुण्यांना खरं वाटत नाही. सोनटक्क्याला सावली हवी, पायाशी सदा ओल हवी; आणि आमच्याकडे दिवाळी सरली की जमीन कोरडीठाक. आई पाली गावाजवळ शाळेत शिकवायची तेव्हा देवरूखहून एक गड्डा घेऊन आली. न्हाणीमागे, फणसाच्या गर्द सावलीत चिऱ्याचे तुकडे रचून तिनं वाफा केला. शेतातली माती टोपलीनं वाहून आणली, तीत फणसाचा कुजका पाला मिसळला आणि न्हाणीचं पाणी पन्हळीनं तिकडे वळवलं. घरातल्या माणसांनी अंघोळी केल्या की सोनटक्क्याचं भागायचं. कपड्यांच्या साबणाचं पाणी मात्र तिनं तिकडे कधी जाऊ दिलं नाही. भादव्यात माणसाच्या उंचीचे दांडे डवरायचे आणि संध्याकाळी वासानं घर भरून जायचं.

मुंबईची नोकरी आटपून मी गावी परतलो तोवर आईची नजर काचबिंदूनं बरीचशी नेली होती. चालताना, जेवताना, सगळ्याला आता माझा नाहीतर माझ्या बायकोचा हात लागायचा. एकच काम तिचं तिचं उरलं होतं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी वंदनेला बसण्याआधी ती भिंतीला हात लावत न्हाणीमागे जायची आणि बुद्धमूर्तीसाठी फुलं खुडून आणायची. जास्वंद तिला हिरव्यात दिसत नसे. सोनटक्का वासावरून सापडायचा, आणि सावलीत त्याचा पांढरा ठिपका तिला अजून जाणवायचा.

हे मला माहीत होतं. तरी मी नको ते केलंच.

दिवाळीनंतर आई डोळे दाखवायला बहिणीकडे मुंबईला गेली आणि माझ्या अंगात सुधारणा संचारली. न्हाणीमागे बुळबुळ, डास, उघडं पाणी! मी गवंडी बोलावला, घराच्या दुसऱ्या अंगाला शोषखड्डा खणून घेतला, पाईप टाकून पाणी तिकडे नेलं. फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. आई आल्यावर तिलाही मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की मागे आता कसं कोरडं केलंय. पाय घसरायला नको, असंही वर म्हणालो. ती प्रवासानं दमली होती. नुसतं 'हं' म्हणाली.

चैत्रात एक दिवस ती मागे गेली आणि पानं चाचपून उभी राहिली. वाळलेली पानं तिच्या हातात कुरकुरत होती.

"माझं पाणी कुठं नेलंस रे?"

मी आरोग्य, डास, सगळं सांगितलं. गृहपाठ न केलेल्या मुलाचं ऐकावं तसं तिनं ऐकून घेतलं.

"मला इचारायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी बघतो तर एका हातानं भिंत धरून ती तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्याकडे नेत होती. मी धावलो. "तू नको," ती म्हणाली. "तू केलंस तेवढं पुरे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गवंड्याला पुन्हा बोलावलं. पाईप कापता कापता तो हसला, "आधी आयेला इचारलं नाय काय?" पाणी परत जागेवर आलं. मग आईनं वाफ्यात बसून एकेक गड्डा उकरला, अंगठ्यानं दाबून पाहिला. मऊ लागला तो टाकला, घट्ट लागला तो आडवा ठेवून वरवर मातीत पुरला. ओंजळभरसुद्धा वाचले नाहीत. मला डोळे असून मेलेला कुठला नि जिवंत कुठला हे सांगता आलं नसतं. तिचं एकदाही चुकलं नाही. वाचलेल्या प्रत्येक गड्ड्याला पावसात कोंब फुटला, तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला.

पण त्याच पावसात तिची नजर आणखी विझत गेली. गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. या वर्षी फूल आलंच, तरी ते तिला खुडता येईल का, याची मला धास्ती बसली.

भादव्यात एकाच दांड्याला कळे आले. एका संध्याकाळी पहिलं फूल उघडलं. आई वासाच्या मागानं आली, वाफ्याशी थांबली, हात पुढे केला. हात फुलाच्या बाजूनं गेला. पुन्हा गेला. मला राहवलं नाही. आवाज न करता मी दांडा धरून तिच्या बोटांकडे जरा झुकवला.

"सोड तो," आई म्हणाली. "मला सापडतंय."

मी दांडा सोडला.