गुणाजीची गोधडी

इथे आखातात, मत्रहच्या बाजारात लोबानाचा वास आला की मी दार्सैतच्या आम्हा चौघांच्या जुन्या खोलीत पोचतो. बाहेर पेटलेलं ऊन, आत एसीची घरघर, आणि जमिनीवर गोधडी पसरून बसलेला गुणाजी. पेशाने शिंपी, पण शुक्रवारी तो मशीनला हात लावायचा नाही. हातानेच, सावकाश, धावदोरा घालायचा. एका शुक्रवारी जेमतेम चार बोटं. ती सुई बघता बघता आम्हाला डुलकी लागायची.

गावी त्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला त्याला रजा नव्हती. बाळाला कोरं कापड नको, म्हणून त्याने खोलीतल्या आम्हा बाकी तिघांचे जुने सदरे धुऊन, लोबानाचा धूर देऊन जोडले. मधोमध लावायला मात्र स्वतःचा घामट सदरा काढला.

“अरे, हा तरी धू!” मी म्हणालो.

“धुतलंय तर पोराक बापूस कसो कळतलो?”

आम्ही खूप हसलो. तो टाके घालत राहिला.

आता पुण्यात मला नात झालीय, अजून पाहिलेली नाही. लेकीने गोधडीसाठी माझा जुना शर्ट मागवलाय. काल तो घेऊन वॉशिंग मशीनपर्यंत गेलो, आणि तसाच परत आलो.