मधली माणसं मोजणाऱ्या आत्या

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा या शहराच्या मधोमध नेमकं कोण बसलं आहे, हे अख्ख्या नव्या सरकारात कोणाला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं फक्त माझ्या बायकोच्या आत्यांना. माणसाचं पद, पगार, गोत्र यांत त्यांना काडीचा रस नव्हता. अमक्याला मधून काढलं तर कोणाचा कोणाशी संबंध तुटेल, एवढंच त्या मोजत, आणि तेही मनातल्या मनात.

त्यांची रीत ठरलेली. सकाळी गुढियारीत भाजी घेताना एखादी बातमी सोडायची. ती खरीच असायची, कारण 'खोटं सोडलं तं पाप लागते.' समजा, नवा मिक्सर घेतला. मग समता कॉलनीत आमच्याकडे येऊन चहा पीत त्या बातमीची वाट पाहायची. शेजारणीने मिक्सरची चौकशी केली रे केली की आत्या विचारणार, 'तुले कोणी सांगतलं?' मग त्या सांगणारीकडे, मग तिच्या आधीच्याकडे, अशा भर उन्हात सदर बाजारातून उलट्या चालत जायच्या. प्रत्येक बातमीच्या वाटेत जो लागे तो त्यांचा 'नाका'. ज्याला नुसतेच पुष्कळ लोक ओळखत ती 'गर्दी'. एका लग्नात सफारीतल्या पुढाऱ्याभोवती हा गराडा पडलेला. आत्या त्याला निरखून म्हणाल्या, 'याले काढलं तं काहीच होत नाही.' दोनचार माना वळल्या. मी हातातली जिलेबी ठेवून त्यांना घेऊन बाहेर पडलो. माझंही माप त्यांनी घेतलं होतं. 'तुम्ही कोपऱ्यातले, जावईबापू. तुम्हाले काढलं तं कोणाचंच अडत नाही.' जावयाचा मान राखून त्याला इतकं खाली बसवणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही.

राज्य वेगळं झालं तशी सरकारी कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि मी जुन्या राज्याच्या, म्हणजे भोपाळच्या वाट्याला गेलो. घरी आई लकव्याने अंथरुणावर. तिला हलवता येत नव्हतं आणि टाकून जाणं तर शक्यच नव्हतं. माझ्याच पदावरचा, इकडे अडकलेला, भोपाळला परतायला आसुसलेला कोणी सापडला तरच अदलाबदल होणार होती. मी मोठमोठ्या ओळखींचे उंबरे झिजवले. सगळे म्हणाले, 'हो जाएगा भैया', आणि झालं काहीच नाही.

आत्या म्हणाल्या, 'गर्दीत काहून शोधून राहिले? वकिलाकडे जा.'

सदर बाजारातले ते म्हातारे वकील सख्ख्या भावापासून मराठी मंडळापर्यंत सगळ्यांशी भांडून बसलेले. 'त्यांना ओळखतं तरी कोण?' मी वैतागलो.

'दोघंच. एक मी, दुसरा वरचा भाडेकरू. तो भोपाळचा आहे. तिकडून आलेले सगळे त्याच्याकडेच जमतात. आपल्याकडून त्या लोकायपर्यंत दुसरी वाटच नाही.'

वकिलांनी दार अर्धंच उघडलं. आत्यांचं नाव घेऊन काम सांगितल्यावर त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, 'अरे भैया, नीचे आओ. तुम्हारा भोपाल आया है.' वर स्टोव्हभोवती भोपाळहून आलेले चारसहा जण खिचडीची वाट पाहत बसले होते. त्यांतला एक नेमका माझ्याच पदावरचा निघाला. त्याने माझे दोन्ही हात धरले ते बराच वेळ सोडलेच नाहीत. पुढे अदलाबदल झाली आणि आई शेवटपर्यंत आपल्या खिडकीशी राहिली. त्यानंतर आत्या चहा पीत बातमीची वाट पाहू लागल्या की मी घरातला रेडिओसुद्धा बंद करत असे.

आत्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथून एकदा फोन आला. 'मले काढून पाह्यलं न आता. काय तुटलं?'

सगळंच, असं म्हणावंसं वाटलं. पण आत्यांना मोघम उत्तर चालत नसे. 'वकील आजारी होते. आम्हाला ते बरे झाल्यावर कळलं.'

त्या म्हणाल्या, 'तं तुम्ही घरी काय करून राहिले?'

तेव्हापासून रविवारी मी गुढियारीत भाजी घेतो, सदर बाजारात वकिलांच्या शिव्या आणि चहा घेतो, आणि इकडचं तिकडं सांगत घरी येतो. परवा आत्यांना फोनवर विचारलं, माझं माप काही बदललं का?

'अजून नाही,' त्या म्हणाल्या. 'पण जात राहा, जावईबापू.'