मायचा भरलेला चेहरा

मायचा चेहरा भरला तेव्हा गावातल्या बाया खूश झाल्या. गिरणीवर दळण घेऊन गेली तरी तेच, नळावर गेली तरी तेच. "काय वो, तब्येत सुदारली तुमची! काय खाऊन राह्यल्या?" आमच्या बेल्याकडच्या, तेलंगणातल्या मराठी गावांत कापूस वेचून वेचून बाया वाळून जातात. तिथं गोल गालाची बाई म्हणजे सुखाची बाई. माय लाजायची आणि सांगायची, "चायनाचं औषध हाये."

गुडघ्यांनी तिचा जीव काढला होता. वेचणीत वाकली की उठायला दुसरीचा खांदा लागायचा. मावशीनं तिला इचोड्याला नेलं. तिथं मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत एक सुईवाला बसायचा. भिंतीवर माणसाच्या अंगाचं चित्र, त्यावर ठिपकेच ठिपके. तो मायला "माताजी" म्हणायचा, पंख्याखाली पलंगावर निजवायचा, गुडघ्याभोवती केसासारख्या बारीक सुया टोचायचा आणि निघताना काळ्या गोळ्यांची पुडी द्यायचा.

बाबा म्हणाले, "चायनाचा मोबाईल टिकत नाही, अन् याच्या गोळ्यानं गुडघे टिकतीन?"

"तुमाले दुखत नाही ना भाऊजी, मंग चूप बसा," मावशी म्हणाली.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बँकेचं पत्र असो की तहसीलचा कागद, मीच वाचते. त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पण त्या पुडीवर सगळी चिनी अक्षरं. आत काय आहे ते मला कळेल अशा एकाही भाषेत लिहिलेलं नव्हतं. याचाच मला पहिल्यांदा राग आला. तरी माय चालायला लागली होती, हे खोटं नव्हतं.

मग पाय सुजले. तहान भागेना. हाताला जरा काही लागलं की काळानिळा डाग पडायचा. मी तिला आदिलाबादला डॉक्टरीणबाईकडं नेलं. बाईंनी रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली. त्यांनी तेलुगूत विचारलं, दुसरं कुठलं औषध चालू आहे का? मी मायला मराठीत सांगितलं. मायनं मान हलवली. नाही.

एका डॉक्टरसमोर दुसऱ्याचं नाव काढायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. समोरच्याला अपमान वाटतो म्हणे. मी तोंड उघडायला लागले तशी मायनं टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं. मी तरी बोलले. पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली.

बाई म्हणाल्या, तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, पण चेहरा, डाग, साखर पाहता यात कोणीतरी स्टेरॉइड कालवलेलं दिसतं. हा चेहरा भरलेला नाही, सुजलेला आहे.

मला वाटलं पुडी तिथंच नालीत फेकावी. तर बाई म्हणाल्या, "एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल." शरीराला त्याची सवय लागली होती. म्हणजे आता तेच स्टेरॉइड, पण बाईंनी लिहून दिलेल्या गोळीतून, मोजून मापून, कमी कमी करत, रोज सकाळी मी माझ्या हातानं मायला द्यायचं. विष कालवणारा तो, आणि चारणारी मी. रोज सकाळी गोळी देताना राग यायचा.

त्याच रागात मी इचोड्याला गेले. बाकावर बाया बसलेल्या, त्यातल्या दोघींचे गाल मायसारखेच. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, गोळ्यांत काय टाकता?

"मैडम, माल ऊपर से आता है. मैं तो सिर्फ देता हूँ."

मी बायांकडं वळून सांगितलं, या गोळ्यांनी माझी माय सुजली, तुम्ही डॉक्टरला दाखवा. एक म्हातारी माझ्यावरच खवळली. "तुले दुखते का? आमी वेचाले जातो, तू जातं का? आली मोठी शिकेल!"

मी खाली उतरले. म्हातारीचं दुखणं खरं होतं, म्हणून तर त्याचं दुकान चालत होतं.

मायची सूज उतरली. गोळी सुटली. गुडघे परत दुखायला लागले. बाईंनी व्यायाम सांगितला, वाकायचं कमी करा म्हणाल्या. गिरणीवर बायांनी हळहळ केली, "काऊन वाळल्या वो एवढ्या?" माय माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "पोरगी शिकली ना, तिनं उतरवली तब्येत."

घरी आल्यावर मात्र हळूच म्हणाली, "गोळ्या नाही घेत. नुस्त्या सुयाले जाऊ दे. तिथं पंख्याखाली निजाले भेटे. कोणी हाक नाही मारे."

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत पंखा लावून तिला पलंगावर निजवलं. तिचा डोळा लागतो न लागतो, तोच ओसरीवरून बाबांची हाक आली, "चाय ठेव वो!"

माय गुडघा धरून उठायला लागली.

"बाबा, तुमी ठेवा," मी ओरडले.

बाबा उठल्याचा आवाज आला. मग स्वयंपाकघरात भांड्यांची आदळआपट. मग बाबांचा आवाज, "साखर कुठं हाये?"

अख्खा संसार झाला, या माणसाला साखरेचा डबा माहीत नाही! माय दाखवायला निघाली. मी तिचा खांदा धरला आणि दाबून ठेवला.