बाबा म्हणाले, एकाच पायानं पळून राहिली का

काल सकाळी पळायला गेले आणि बाबांची बोलणी खाऊन आले... वय वर्षं बेचाळीस.

पाच महिन्यांपूर्वी हाफ मॅरेथॉनची तयारी करताना माझ्या उजव्या नडगीच्या हाडाला बारीकशी चीर गेली. दुखत असताना तीन आठवडे तशीच पळत राहिले, म्हणजे चूक माझीच. मग धंतोलीतल्या दवाखान्याच्या चकरा, घरी बसणं आणि सगळ्यांवर चिडचिड. नवरा तर म्हणायचा, तुला पळता येत नाही याची शिक्षा आम्हाला कशाला.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, हाड पूर्ण जुळलंय. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं दहा वेळा. आणि तिसऱ्याच दिवशी डावा गुडघा ठणकायला लागला... डावा, ज्याला जन्मात कधी काही झालं नव्हतं.

परत दवाखाना. गुडघ्यात दोष नाही म्हणाले, फिजिओला भेटा म्हणाले. मी गेले नाही... पुन्हा नुसतं चालायला लावतील ही धास्ती. दोन आठवडे नीट झोप नाही, स्वयंपाक करतानासुद्धा गुडघा दाबून बघायचे. शेवटी परवा ठरवलं, उद्या पळताना दुखलं तर बूट मावसबहिणीला देऊन टाकायचे आणि हा विषय संपवायचा.

त्यात बाबा घरी आलेले. बाबा उमरेडचे, आयुष्यभर हातमागावर लुगडी विणली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, टीव्ही बघायचा नाही, वाचायचं नाही, म्हणून माझ्याइतकेच कासावीस. मी बूट घालताना दिसले की हे काळा चष्मा लावून दारात उभे.

मग काय, नेलं. वस्तीतल्या मैदानावर एका बाकावर बसवलं आणि सुरू केलं. एक मिनिट पळाले, चालले. परत पळाले. चौथ्या फेरीला गुडघा बोललाच... डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

बाकाजवळ आले तर बाबा म्हणाले, "काहून वं, एकाच पायानं पळून राहिली का? डावा धाडधाड वाजून राहिला, उजव्याचा आवाजच नाही."

मी भडकले. म्हटलं, बाबा, तुम्हाला धड दिसत तरी आहे का?

"दिसाचं काय काम आहे त्यात? ऐकू येऊन राहिलं ना."

उमरेडला आमच्या घरी चार माग चालायचे, आणि बाबा ओसरीत चहा पिता पिता आवाजावरून सांगायचे, काकाचा धाग्याचा धोटा अडकतोय, आत्याचा एक पाय मागाच्या पायपट्टीवर जड पडतोय. कधी चुकले नाहीत, आणि ते आत्याला अजूनही आवडत नाही.

पुढच्या मिनिटाला मी कान देऊन पळाले. खरंच होतं हो... डावा धप्प, उजवा जेमतेम टेकायचा. चीर भरली, पण मी त्या पायाला अजून जपतच होते आणि सगळा भार बिचाऱ्या डाव्यावर टाकत होते.

कळलं तरी वळेना. उजवा पूर्ण टाकायचा म्हटलं की पाय हवेतच आखडायचा. दोन मिनिटं वाया गेली. बाबा मात्र बाकावर तळहात आपटून ठेका देत बसले होते, येणारे-जाणारे बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

शेवटी वैतागून उजवा टाकला. अख्ख्या वजनानिशी. आता कळ येणार, आता येणार... नाही आली. पुढचं पाऊल टाकलं, तरी नाही. त्या मिनिटाच्या शेवटी दोन्ही पाय सारखे वाजत होते आणि मी मैदानाच्या मधोमध रडत पळत होते.

बाबांनी शाबासकी वगैरे दिली नाही. "आता बरोबर आहे, चाल, भूक लागली," एवढंच.

घरी येऊन आधी फिजिओची वेळ घेतली. मग डाव्या गुडघ्यावर बर्फ धरून बसले. पाच महिने आम्ही सगळे घरात चीर गेलेल्या पायाला 'दुखणारा पाय' म्हणत होतो... एकट्या बाबांनी त्याला उजवा म्हटलं. बाबा, तुमच्यामुळे मला कळलं की तो कधीच बरा झाला होता.