सहावं बोट

कारखान्यात बाईंना सगळे पाचबोटे म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. रबरी हातमोजे बनवायच्या त्या कारखान्यात बाई तपासणीच्या टेबलावर बसत. पट्ट्यावरून हातमोजा आला की उचलायचा, हवा भरून फुगवायचा, बोटं मोजायची. छिद्र निघालं किंवा दोन बोटं एकमेकांना चिकटलेली दिसली, तर डावीकडच्या लाल पिंपात टाकायचा. सकाळी सहा ते दुपारी दोन. सव्वीस वर्षं! एवढी वर्षं बोटं मोजणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय नाव ठेवणार?

दुपारी घरी येऊन, दोन घास पोटात ढकलून त्या आडव्या होत. डोळा लागला की नवरा येई. दीड वर्षापूर्वी वारलेला नवरा, बनियनवर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेला. समोरची खुर्ची पायाने बाहेर सरकवून म्हणे, "बस ना जरा." आणि बाई दर वेळी म्हणत, "वेळ नाही, शिफ्ट आहे," आणि पिशवी उचलून चालू लागत.

शेवटच्या सकाळीही अगदी असंच झालं होतं. त्या दुपारी परत आल्या तेव्हा दारात डॉक्टर उभे होते, आणि आत ती खुर्ची तशीच बाहेर सरकवलेली होती.

जाग आली की बाईंचा जीव नुसता तळमळे. गेलेला माणूस एवढ्या लांबून भेटायला येतो आणि ही बया त्याला शिफ्ट सांगते!

शेवटी त्यांनी हे नणंदेच्या कानावर घातलं. नणंद शेजारच्याच खोलीत राहायची. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, गुडघ्याने अधू, जिभेने धडधाकट. भाऊ होता तोवर रोज संध्याकाळी तिच्या गुडघ्याला तेल चोळून द्यायचा. ऐकून ती फटकन म्हणाली, "मी सख्खी बहीण, मला तो गधडा एकदासुद्धा दिसला नाही. आणि तुला रोज दिसतो, तर तू त्याला वाटेला लावतेस?"

"वन्सं, स्वप्नात कळतं का हो, की हे स्वप्न आहे? मला आपलं वाटतं उशीर होतोय."

"कळतं म्हणतात. शिकावं लागतं."

आठवडाभर मोबाइलवर वाचून वाचून नणंद पंडित झाली आणि शिकवणी सुरू झाली. उशाशी वही ठेवायची, जाग आली रे आली की आठवेल ते लिहायचं. झोपताना मनाशी घोकायचं, आता स्वप्न पडेल आणि ते मला ओळखू येईल. आणि दिवसातून दहा वेळा बोटं मोजून स्वतःला विचारायचं, मी जागी आहे का? स्वप्नात म्हणे बोटं बरोबर भरत नाहीत.

"बोटं?" कितीतरी दिवसांनी बाई हसल्या. "ती तर मी दिवसाला हजारो मोजते."

"मग तू पहिल्या झटक्यात पास!"

कसलं पास नि कसलं काय. पहिले तीन आठवडे वहीत एकच मजकूर होता: काही आठवत नाही, दमले. चौथ्या आठवड्यात मात्र नवऱ्याने खुर्ची सरकवली, बाईंनी पिशवीला हात घातला, आणि बघतात तर हाताला सहा बोटं. स्वच्छ सहा! आता काय करावं या बाईने? ती डावीकडे वळून लाल पिंप शोधायला लागली. माल खराब, टाका पिंपात! स्वयंपाकघरात कुठलं आलंय पिंप? ओट्याखाली शोध, दारामागे शोध, शोधता शोधता जाग आली. नवरा तिकडे बसूनच राहिला.

नणंद हसून हसून बेजार झाली. मग पाहिलं तर बाई रडत होत्या.

"नाही जमायचं मला, वन्सं. झोपेतसुद्धा कामावरच असते मी. एकदा फक्त बसायचं होतं हो ह्यांच्यापाशी."

नणंदेचं हसू पळालं. "डोळे पूस आधी. तुझी खोड आहे ना, तिलाच कामाला लावू. खराब माल हातात आला की पिंपात टाकायच्या आधी एक श्वास थांबायचं आणि विचारायचं, मी जागी आहे का. आणि हे बघ, कळलं तरी रडायचं नाही, ओरडायचं नाही. मन उचंबळलं की जाग येते. तळहात चोळत शांत राहायचं."

बाई थांबू लागल्या. पट्टा थोडाच थांबतो! टेबलावर माल साठायला लागला, तसा मुकादम आला.

"पाचबोटेबाई, जप चाललाय की काय?"

"डोळे दुखतात हो जरा."

खोटं नव्हतं ते. डोळे, मान, पाठ, काय दुखत नव्हतं? पण बाईंनी थांबणं सोडलं नाही. असा महिना गेला.

आणि एका दुपारी ते घडलं. नवऱ्याने खुर्ची सरकवली. "बस ना जरा." बाई म्हणाल्या, "वेळ नाही," आणि पिशवी उचलली. पिशवीच्या बंदावर बोटं सहा. त्या डावीकडे वळल्या, आणि सवयीने एक श्वास थांबल्या. मी जागी आहे का?

नाही. हे स्वप्न आहे. म्हणजे हे नाहीत.

हुंदका आला, तो त्यांनी गिळला. पिशवी खाली ठेवली, तळहात एकमेकांवर चोळले, आणि खुर्चीवर बसल्या. महिनाभर पाठ केलेल्या माफीतला एक शब्दही त्यांना आठवेना.

"दमलीस," नवरा म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या, आणि टेबलावर डोकं टेकून तशाच बसून राहिल्या. त्याने उठवलं नाही.

डोळे उघडले तेव्हा पलंगाच्या कडेला नणंद बसलेली होती. वहिनीचा चेहरा बघूनच तिने ओळखलं.

"बसलीस?"

"बसले."

"काय म्हणाला?"

"दमलीस म्हणाले."

नणंदेने मान डोलावली. हात गुडघ्यावर फिरवत राहिली. मग खिडकीकडे बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाली, "माझं काही विचारलं?"

बाईंनी वही उघडली. पान कोरं होतं.

"विचारलं तर. गुडघा कसा आहे म्हणाले, तेल लावते का."

नणंदेने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "पुन्हा आला तर सांग त्याला. बरा आहे म्हणावं."