सासूच्या भारंभार गूळ

त्या येळी घरात आम्ही चार जनं व्हतो. सासरे, सासू, आमचे मालक आन मी. पाचवा म्हनलं तर गावातला दुकानदार, त्याच्या दुकानाम्होरं कापूस मोजायचा मोठा काटा टांगलेला असायचा. आन सहावा मारुती. त्याला सोडून कसं चालंल, समदं त्याच्यापायीच झालं. मला लिहायला येत न्हाई बराबर. मी सांगून राह्यले, नात लिहून राह्यली.

निजामाचं राज व्हतं. लढाईचे दिवस. पिकलेल्यातली जवारी सरकारात घालावी लागायची, उरंल ती आपली. त्या साली मालकाला मुदतीचा ताप आला. मानूस ओळखंना झालं. सासू मारुतीम्होरं गेली आन मोठ्यानं बोलली, "पोरगं उठून बसू दे, माझ्या भारंभार गूळ वाटीन." ताप उतरला. मालकानं पेज मागितली.

सासरे आधी रडले, मंग त्यायला हिशोब सुचला.

"बोलायचंच व्हतं तर पोराच्या भारंभार बोलायचं व्हतं! तापानं त्याचं पार चिपाड झालंय. तू सोताच्या भारंभार कशाला बोललीस?"

"मारुतीम्होरं उभं राहून कोनी बारीक मानूस हुडकतं का?" सासू म्हनली.

सासू लई जड व्हती. चार वर्साखाली गुडघ्यानं बसली, तवापासून चुलीपाशीच असायची. दळन, पानी, शेत समदं माझ्याकडं. मी पंधरा-सोळाची असंन, वाळल्या काडीसारखी. गूळ मिळायचा शहागडकडं, गंगेच्या काठाला, गोदावरीला आम्ही गंगाच म्हनतो. जवारी द्यायची आन गूळ आनायचा. म्हंजी जितकी सासू जड, तितकी जवारी घरातून जानार. आन तीच जवारी आम्हाला पाऊस पडंपर्यंत खायची व्हती. नवस तर फेडायचाच व्हता, त्यात मागं-पुढं न्हाई. हनुमान जयंतीला फेडायचा. तवा नुकतीच संक्रांत झालती.

दुकानदारानं तिला काट्याच्या एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात बांधावरचे दगड ठिवले. पारडं बराबर झालं तवा सासरे त्या दगडाच्या ढिगाकडं बघतच राह्यले. दगड तिथंच दुकानामागं रचून ठिवले. तेच आमचं माप.

आधी सासूनं उपास धरले. सोमवार, शनिवार, एकादशी. मला वाटलं आता उतरंल. पर उपासाला भगर लागायची, तिच्यावर शेंगदान्याची आमटी, दुपारी उकडलेली रताळी, आन उपास म्हून कोनी न्हाई म्हनायचं न्हाई. महिन्यानं पुन्हा पारड्यात बसवलं तर उलट आनखी एक दगड घालावा लागला. दुकानदार हसला.

"काकी, तुम्ही उपास करून राह्यल्या का उपासाला जेवू घालून राह्यल्या?"

सासरे घरी आल्यावर म्हनले, "बैलानं बसून खाल्लं की माजतो. नांगराला जुंपला की उतरतो. उद्यापून सुनंबराबर जात्यावर बस."

सासू बसली. गुडघा दुखायचा, एक पाय लांब करून बसायची. पहाटं आम्ही दोघी समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात. पहिल्या दिवशी तिचा घाम मानंवरून निथळला. चार-आठ दिसानं तिचा हात माझ्यापरीस जोरात फिरायला लागला. मंग म्हनली, मी शेतावर भाकरी घेऊन जाते. गुडघा धरत, थांबत जायाची, पर जायाची. मला लई नवल वाटायचं. चार वर्सं जी बाई उठून गाडग्यातलं पानी घ्यायची न्हाई, ती बांधानं चालून राह्यली.

आन काट्यावर? दगड जिथल्या तिथं. एकबी हालला न्हाई.

मला ते कोडं सुटंना. येवढा घाम गेला कुठं? दंड तर कडक झालता, मी हात लावून बघितला. चालताना दम कमी लागायचा. मंग भार का जाईना? मी तिच्या ताटाकडं बघायला लागले. पहिलं ती दीड भाकरी खायाची. आता जात्यावरून उठली की तीन, वरतून गुळाचा खडा. तिचा काय दोष, भूकच तशी लागायची.

एक दिवस दळन झाल्यावर ती भाकरी मोडता मोडता थांबली.

"काय गं, दळल्यावर माझ्या पोटात आग पडती. तुला न्हाई लागत भूक?"

"लागती की आत्याबाई."

"मंग काय करतीस?"

"काई न्हाई. समद्याचं झालं की जेवते."

तिनं हात पुढं करून भाकरीची दुरडी वढली. मालक आन सासरे जेवून गेल्ते. दुरडीत अर्धी भाकरी व्हती, ती बी काठाला करपलेली. ती बघत राह्यली.  मला त्यात सांगन्यासारखं काई वाटत नव्हतं. मला वाटायचं सुनंचं पोट येवढंच असतं.

दुसऱ्या दिवसापून ती जात्यावरून उठली की पहिलं माझ्या ताटात वाढायची. आपल्या वाटच्या भाकरीतून एक काढून माझ्याकडं सरकवायची. सासरे दारातून बघून म्हनले,

"आता सून आधी जेवनार का आमच्या?"

"तिनं दळलंय. तुम्ही दळा, तुम्हाला आधी वाढते."

"मी दळू?"

"मंग गप बसा. भाकरी व्हईस्तोवर तंबाखू मळा."

मालक तिकडं तोंड करून हसले.

फाल्गुनात पुन्हा काटा. एक दगड काढावा लागला. शिमग्यानंतर आनखी दोन. दुकानदारानं इचारलं, काकी, केलं काय? सासरे म्हनले जात्यानं उतरलं. दुकानदार म्हनला आता कुठं उपास लागू पडले. सासू म्हनली मारुतीनं केलं. मला कोनी इचारलं न्हाई, आन इचारलं असतं तर मला तरी कुठं ठावं व्हतं. जातं आधीबी फिरत व्हतं, तवा दगड हालला न्हाई. भाकरी कमी झाली आन दगड हालला. पर जातं नसतं तर तिला माझी भूक कशी कळाली असती?

सासरे नव्या मापानं शहागडकडून गूळ घेऊन आले. बराबर तेवढाच, खडाबी जास्त न्हाई. हनुमान जयंतीला काटा मारुतीम्होरल्या लिंबाला बांधला. सासू बसली, गूळ चढवला. सासूचं पारडं जरासं खालीच राह्यलं.  सासऱ्याचं तोंड उतरलं.

"सकाळी काय खाल्लंस?"

"पानी पिले, दुसरं काई न्हाई. देवाचा दिवस हाय."

मंग तिनं हातातले चांदीचे गोठ काढले. जड व्हते, माहेरचे. माझ्या हातात दिले. "धर." पारडं हळूच वर आलं, बराबर झालं. गुरव म्हनला, फिटला नवस. बायांनी गूळ वटीत घेतला. मी तिला गोठ परत घातले तर ते मनगटावर थांबंनात, पार कोपरापर्यंत घसरले. ती हात वर करून हसली, मला म्हनली, "हे बघ गं, कोनाचा हात हाय ह्यो!"

जवारी तरीबी पावसाळ्यापर्यंत पुरली न्हाई. शेवटी अंबाडीच्या भाजीवर आन भरडलेल्या कन्यावर दिवस काढले. ते चालायचंच. पर जे काई व्हतं ते तिनं दोघीत बराबर वाटलं, मरंपर्यंत.

त्या साली माझी चोळी दंडाला आवळायला लागली, नवी शिवावी लागली. म्हंजी तिचा भार गेला तेवढा माझ्याकडं आला का? का थोडा जात्यात गेला, थोडा वाटंवर? मला अजून वाटतं, कळायला पायजे व्हतं. पर सहा येळा काटा बांधला, सहाबी येळा सासूच बसली. मला कोनी पारड्यात बसवलं न्हाई.

वाचनाराला येवढंच सांगनं हाय. घरात कोनी भार कमी करून राह्यलं असंल आन काटा आनला असंल, तर घरात जी समद्यात शेवटी जेवती तिलाबी एकदा त्याच्यावर उभी करा.