पहिली कचोरी

झाशीच्या बडा बाजारातल्या त्या कचोरीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. ऑफिसला जाताना रोज त्याच्यापुढे उभं राहून मी काहीतरी सुनवायचे. चटणी पातळ, मीठ कमी. तो नुसता गमछ्याला हात पुसायचा.

त्या सकाळी मी भलतीच खुशीत होते. कंपनीचे जुने सर्व्हर बदलायचा माझा आराखडा तयार होता! आधी सगळ्यांची नावं आणि पासवर्ड सांभाळणारा, मग ईमेलचा, आणि माणसं टप्प्याटप्प्यानं नव्यावर न्यायची. पहिल्या टप्प्यात मी ऑफिसातली दहा गरीब स्वभावाची माणसं घातली होती. काही बिघडलंच, तर ओरडणार तरी नाहीत.

कचोरीवाल्यानं त्या दिवशी मसाला बदलला होता. पहिली कचोरी त्यानं एका कुरकुऱ्या म्हाताऱ्या मास्तरांना दिली आणि झारा हवेत धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हींग ज़्यादा है!" मास्तर कडाडले. कचोरीवाल्याला आनंदच झाला.

"दद्दा, इन्हीं को पहले क्यों?" मी विचारलं.

"बिटिया, जो चुपचाप खा ले, वो कल दूसरी दुकान पे मिलत है."

मी तिथंच बाकावर बसून यादी उलटी केली. गरीब माणसं शेवटी, आणि सगळ्यात वर स्टोअरमधल्या भांडकुदळ बाई. काय उत्साह चढला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी त्यानं चटणी नवी केली होती. एवढ्या गर्दीतून पहिला द्रोण त्यानं थेट माझ्यापुढे धरला, आणि झारा हवेत धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.